आडवा पडलेला जॅक

१

भावाच्या पायावर गाडी पडली, हे आक्काला भाचीने फोनवर सांगितलं. गाडी पडली नाही, पाडली, हे दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवरून भावाने स्वतः सांगितलं.

"जॅकचा व्हॉल्व्ह सोडला," तो म्हणाला. "आणि कोणी सोडला, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय."

भाऊ सहा फूट उंच, जन्मभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेला, गल्लीत मान असलेला माणूस. पण आक्काने त्याला पाळण्यात पाहिलं होतं, शाळेत जाताना त्याचं नाक पुसलं होतं. तिच्या लेखी तो अजून छोट्याच. त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि पाहुण्यासारखा वेगळ्या उशीवर ठेवला होता.

"कोणाला पाहिलंस?"

"आपल्या जावईबापूंना. दुसरं कोण?"

आक्काने खुर्ची जवळ ओढली. तिची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती, मोटारींच्या अपघातांच्या टेबलावर. गाडी कशी आदळली, हे वर्षानुवर्षं माणसांच्या तोंडून ऐकता ऐकता तिचे केस पांढरे झाले. त्यातून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. माणसं खोटं फार कमी बोलतात. मधला एखादा तुकडा गाळतात, आणि पुष्कळदा तो गाळलाय हे त्यांनाही ठाऊक नसतं.

"पहिल्यापासून सांग."

"मागची चाकं कुईकुई करत होती. म्हटलं ब्रेक बघावेत. हँडब्रेक ओढलेला होता, खिडकीतून बघून घेतलं. विटा लावल्या. मागच्या आसाच्या मधोमध जॅक लावून दोन्ही चाकं उचलली. डाव्या चाकाचा एक नट हट्टाला पेटला होता. स्टुलावर बसलो, पान्यावर जोर दिला, आणि धाडकन सगळं खाली. पायात आग. मान वळवून बघतो तर हा जॅकपाशी वाकलेला. हातात दांडा. व्हॉल्व्ह डावीकडे फिरवत होता."

"डावीकडे म्हणजे सोडायला."

"मी आयुष्यभर रेघा बघितल्यात आक्का. डावं-उजवं कळतं मला. आदल्याच संध्याकाळी आमचं वाजलं होतं. मी म्हटलं, माणसं बोलतात ते सिनेमाच्या तळाला लिहून काढायचं, हा काय पुरुषाचा धंदा? तर म्हणतो, ही जुनी गाडी एक दिवस तुमच्या अंगावर येईल. आली ना?"

"आणि तू सगळं बाबांच्या नियमाने केलंस?"

"एकूण एक," छोट्या म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

परवा त्याला घरी सोडणार होते. त्याआधी वरच्या मजल्यावरून तो माणूस गेलेला असला पाहिजे, असं त्याने लेकीला बजावलं होतं.

"चिमी काय म्हणाली?"

"म्हणाली, तो जाईल तिथे मी जाईन. आणि एकदा गेले की तुमच्या दारात परत येणार नाही." त्याने हे भिंतीला सांगितलं. मग हळूच म्हणाला, "तुला वाटत असेल म्हातारा बरळतोय. त्याला जाऊन विचार. मीही विचारलं होतं, सगळ्यांच्या देखत. नाही म्हणाला नाही तो. खाली मान घालून उभा राहिला."

२

घरात पाऊल टाकलं तेव्हा वरच्या मजल्यावर चिकटपट्टी ओढल्याचा चर्रर्र आवाज येत होता. खोकी बांधली जात होती. माई, म्हणजे भावाची बायको, चहाचा कप घेऊन पुढे आली. लहानखुरी बाई, आक्काच्या खांद्याला जेमतेम लागायची. डोळे सुजलेले होते.

"त्या दोघांना सांगा ना काहीतरी, आक्का. माझं ना नवरा ऐकत, ना लेक."

"आधी मला गॅरेज दाखव."

घराला लागूनच गॅरेज होतं, आणि ते गॅरेज कसलं, नकाशाच. प्रत्येक पान्यामागे फळीवर त्याची आकृती काढलेली. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती ओरडून सांगायची. गाडी धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून फरशीला दाराकडे किंचित उतार. गाडी उलटी आत घातलेली, तोंड दाराकडे. ते तोंड आता उंबऱ्याच्या थोडं बाहेर आलं होतं.

रबराचा, तेलाचा आणि जुन्या लोखंडाचा तो वास आला आणि आक्का क्षणभर नऊ वर्षांची झाली. बाबांची काळी गाडी, बाबांचे गुडघ्यावर ठिगळ लावलेले कामाचे कपडे. रविवारी गाडी उचलायची म्हणजे घरात लग्नघाई. बाबा पुढून गाडी उचलत, कारण ग्रीस द्यायचं ते सगळं पुढे. छोट्याने दांडा धरायचा. मागच्या चाकांना विटा लावायचं काम आक्काचं. "विटा मागे," असं बाबा म्हणाले की ती धावायची. मग लोखंडी स्टँड यायचे, ज्यांना बाबा घोडे म्हणत. घोडे खाली सरकवून, गाडीचं ओझं त्यांच्यावर उतरवून, गाडी दोन्ही हातांनी हलवून बघितल्याशिवाय बाबांनी कधी बोटसुद्धा खाली घातलं नाही. "जॅक उचलतो, घोडे धरतात," ते म्हणायचे. "जॅक हा पाहुणा. पाहुण्याच्या भरवशावर संसार करायचा नसतो."

आक्का वाकून बघू लागली. जॅक बाटलीसारखा, ठेंगणा, लाल. त्याच्या पोटातल्या तेलावर दाब आला की वरचा दांड्यासारखा दट्ट्या मान काढतो आणि गाडी उचलतो. आता तो डाव्या चाकापाशी उभा होता, मान आत घेऊन. बुडाशी व्हॉल्व्हचा छोटा स्क्रू होता. तिने बोट लावलं, सैल होता. छोट्याचं एवढं तरी खरं होतं.

मागच्या चाकांच्या मागे दोन विटा होत्या. चांगल्या कोऱ्या. त्यांच्यावर टायर घासल्याचा डाग नव्हता.

"आणि घोडे कुठे आहेत?"

"घोडे?" माईने कपाळाला आठ्या घातल्या. "ते ना? ते मागे, खिडकीखाली."

खिडकीखाली एक फळी होती, फळीवर ओळीने फुलझाडांच्या कुंड्या, आणि फळीला आधार द्यायला दोन लोखंडी घोडे. कुंड्यांचं पाणी ठिबकून त्यांच्या पायांना गंज चढला होता. एका पायावर कोळ्याने घर केलं होतं आणि त्या घरात पिलंही झाली होती.

आक्काने चहाचा घोट घेतला. एकूण एक नियम पाळणाऱ्या माणसाने पहिला तुकडा गाळला होता. अजून किती गाळले होते?

३

दट्ट्याभोवती आणि खाली फरशीवर तेलाचा डाग होता. आक्काने बोट लावून वास घेतला आणि तिच्या भुवया वर गेल्या. हा वास गॅरेजातला नव्हता. स्वयंपाकघरातला होता.

"जॅक कोणी नेला होता का उसना?"

"शेजारच्या मास्तरांनी. मागच्या आठवड्यात."

मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कुंपणावरून बोलतानासुद्धा ते वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलत. आक्काने जॅकचा विषय काढताच आवाज अर्ध्यावर आला.

"कपाट उचलायला नेला होता. पोलादी कपाट. खाली उंदीर गेला होता."

"आणि तेल?"

"कसलं तेल?"

"मास्तर, जॅकला फोडणीचा वास येतोय."

मास्तरांनी मागे वळून, बायको जवळपास नाही याची खात्री केली. "आडवा ठेवला आणि भसकन सांडलं हो. रिकामा कसा परत द्यायचा? म्हटलं तेल ते तेल. दोन पळ्या घातल्या. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय माझा. माझ्यामुळे बसला का तो खाली? भाऊंचा पाय माझ्यामुळे गेला का?"

"बघू या. तुमची गाडी कुठे आहे?"

"माझी गाडी कशाला?"

"तेल तुमचं, तेव्हा गाडीही तुमचीच."

मास्तरांच्या सपाट अंगणात जॅक नेला. आक्काने आधी त्याखाली जाड फळी ठेवायला लावली, चाकांना दगड लावून घेतले, आणि कुंड्यांखालून सोडवलेला एक घोडा गाडीच्या पोटाखाली, टेकणार नाही असा थोडा खाली ठेवला. मास्तर आत डोकावू लागले तेव्हा त्यांच्या शर्टाची बाही धरून मागे ओढलं.

"बघायचंय ते बाहेरून बघा. एक पाय मोडला तेवढा पुरे."

व्हॉल्व्ह उजवीकडे घट्ट केला, मास्तरांनी दांडा मारला, एक कोपरा वर गेला. फरशीपासून गाडीच्या काठापर्यंत आक्काने झाडूची काडी मोडून बरोबर मापाची उभी केली आणि दोघं चहाला बसली. चहा झाला. मास्तरांच्या बायकोने दुसरा चहा आणला. तो झाला. मास्तरांनी आपल्या जुन्या मुख्याध्यापकांना शिव्या देऊन झाल्या. काडी होती तशीच, ना वाकली ना मोडली.

"धरतोय," मास्तर म्हणाले आणि त्यांचा आवाज पुन्हा शेवटच्या बाकापर्यंत गेला. "बघा, धरतोय. माझ्या तेलाने काही झालं नाही."

"रबर खराब होईल हळूहळू. नीट तेल भरून द्या. पण त्या दिवशी तुमच्या तेलाने काही झालं नाही, हे खरं."

मास्तर सुटकेने मागे टेकले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं.

"पण आक्का, जॅक आपोआप बसत नसेल तर..."

"तर काय?"

"तर व्हॉल्व्ह कोणीतरी सोडलाच असणार. म्हणजे भाऊंचंच खरं. घरजावई तो घरजावईच. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

४

आक्का परत आली. माई ओट्यापाशी उभी होती. आक्काने तिला खुर्चीत बसवलं आणि भांडी स्वतः विसळायला घेतली. हात कामात असले की समोरचा मोकळं बोलतो, हे तिला टेबलामागे बसून कळलेलं नव्हतं. ते आईकडून आलेलं.

"आवाज झाला तेव्हा तिथे पहिली कोण पोचली?"

"मीच. स्वयंपाकघरातून दार उघडलं की गॅरेज. हे पडलेले, पाय टायरखाली. डोळे पांढरे झाले होते. मी ओरडले, नळाचं पाणी आणून तोंडावर मारलं. तेवढ्यात जावई वरून धावत आले."

"म्हणजे छोट्या बेशुद्ध होता?"

"थोडा वेळ. मला वाटलं संपलं सगळं."

आक्काचा हात कपावर थांबला. हा दुसरा तुकडा. आणि हा छोट्याने गाळला नव्हता. तो त्याच्याकडे नव्हताच. धाडकन आवाज आणि वळून बघणं, याच्यामध्ये एक भोक होतं आणि त्या भोकातून जावई जिना उतरून आला होता.

"जॅक कसा होता तेव्हा? तू आलीस तेव्हा."

"मला काय कळतंय त्यातलं."

"कळायला कशाला हवं? दिसला कसा, ते सांग."

माईने डोळे मिटले. "आडवा पडला होता. गाडीच्या मागे, बाहेर. पाण्यातलं कासव मान काढतं ना, तशी ही एवढी मान बाहेर काढून. मी त्यालाच अडखळले."

आक्काने कप पालथा घातला. "मान बाहेर होती? नक्की?"

"गुडघ्याला लागली ना माझ्या. हे बघा, निळं पडलंय."

व्हॉल्व्ह सोडला असता तर गाडीच्या ओझ्याने ती मान जॅकच्या आत गेली असती, आणि जॅक जागच्या जागी उभा राहिला असता. मान बाहेर होती. म्हणजे गाडी जॅकवर बसून खाली आली नाही, त्याच्यावरून घसरली. व्हॉल्व्ह बंद होता. जावयाने तो नंतर सोडला, मान आत दाबून जॅक पुन्हा टायरपाशी घालायला, सासऱ्याचा पाय सोडवायला. आणि नेमका त्याच वेळी सासऱ्याने डोळा उघडला.

मग पोरगं बोलत का नाही?

आणि गाडी घसरली कशी?

आक्का गॅरेजात गेली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसायला गेली, आणि तिचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. भाऊ सहा फुटी, ती त्याच्याच अंगलोटाची. कशीबशी आत शिरली. वरच्या आरशात मागचा रस्ता दिसायला हवा होता, तिला मागची सीट दिसली. हँडब्रेक ओढलेला होता, चांगला करकचून. तिने गिअरच्या दांड्याला हात लावला. तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे लोंबत होता. न्यूट्रल.

छोट्या गाडी कधीही न्यूट्रलला सोडत नसे. तेही बाबांचंच.

अपघातानंतर गाडीत कोणी बसलं नव्हतं. छोट्याला हॉस्पिटलात मास्तरांनी नेलं. चिमी बापासारखी उंच. जावई तिच्याहूनही उंच. आणि पोट सुटलेले मास्तर या सीटवर बसले असते तर कापून बाहेर काढावे लागले असते.

"आक्का, बिस्किटं आणू का?" दारातून आवाज आला.

आक्काने आरशातून नजर काढली आणि गाडीबाहेर येऊन दाराकडे पाहिलं. माई बशी घेऊन उभी होती. गाडीच्या टपाच्या जेमतेम वर तिचा अंबाडा दिसत होता.

५

वरच्या मजल्यावर जावई खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्यावर नाव लिहीत होता. चिमी कपाट उपसत होती. आक्काने तिला म्हटलं, "जरा खाली आईपाशी जा. तिला माणूस हवंय." चिमीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली.

"दुसऱ्यांचं बोलणं लिहून लिहून स्वतःचं विसरलात का हो?" आक्काने विचारलं.

तो हसला. चांगला मुलगा होता. हसला की कान हलायचे. "आत्या, आम्ही जातोय. वाद मिटला."

"जॅकची मान बाहेर होती."

त्याचं पेन थांबलं.

"तुम्ही आलात तेव्हा व्हॉल्व्ह बंद होता. तुम्ही तो सोडलात पाय काढायला. एवढं एक वाक्य बोलला असता तर ही खोकी लागली नसती. का नाही बोललात?"

"ते ऐकणार होते का?"

"ऐकलं नसतं. पण तुम्ही ते बोललात की कोणीतरी पुढचं विचारणार. जॅकने सोडली नाही, तर गाडी घसरली कशी? आणि ते विचारायला लागलं की माणूस गिअरपाशी पोचतो. तुम्हाला तिथे कोणी पोचायला नको होतं."

त्याने पेनाला टोपण लावलं. खालून मायलेकींचा आवाज येत होता, काय बोलताहेत ते कळत नव्हतं.

"छोट्या सकाळी लांब फिरायला जातो," आक्का म्हणाली. "कधीपासून शिकवताय तिला?"

त्याने मान वर केली. त्याच्या खांद्यांतला ताठा गेला.

"हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "त्यांनी स्वतः विचारलं. म्हणाल्या, साठी उलटली, बहिणीकडे जायचं तरी यांच्या मूडची वाट बघायची. शिकाऊ लायसन्सही काढलं त्यांनी. काय सुरेख चालवतात आत्या, माझ्यापेक्षा हलका हात आहे. दुपारी भाऊ झोपले की बंद गाडीत बसून गिअरचा सराव करतात. मीच शिकवलं, उतरताना न्यूट्रल करायचं आणि हँडब्रेक घट्ट ओढायचा. कोणीही सांगेल तेच."

"आणि छोट्या दुसऱ्या दिवशी गाडीत न बसता थेट मागे गेला."

"भाऊ चाकं उचलणार हे कोणाला माहीत होतं? माईंना अजून कळलेलं नाही. कळलं तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाहीत. आणि भाऊ जन्मभर ऐकवतील. मला काय, मी नाहीतरी उपराच. माझ्या नावावर खपून जाईल."

"शहाणे आहात," आक्का म्हणाली. "म्हणजे मूर्ख आहात."

जिन्यावर काहीतरी खळकन फुटलं. दोघांनी वळून पाहिलं. सगळ्यात वरच्या पायरीवर माई उभी होती. बशी खाली पडली होती आणि बिस्किटं पायऱ्यापायऱ्यांनी खाली चालली होती.

६

खाटेभोवती चौघं उभी राहिली तेव्हा छोट्याने आधी जावयाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"याला इथे कशाला आणलंस?"

"माझ्यासाठी. तू पडून राहा. नाहीतरी उठता येणार नाही तुला."

आक्काने खुर्चीत बसून सगळं शांतपणे मांडलं. तू बेशुद्ध पडला होतास, बायकोने पाणी मारलं. जावई त्यानंतर आला. जॅक आडवा होता, मान बाहेर काढून. तू त्याला व्हॉल्व्ह सोडताना पाहिलंस हे खरं, डावीकडे फिरवत होता हेही खरं, फक्त ते तुझ्या पायासाठी होतं.

छोट्याच्या तोंडाचा रंग बदलत गेला. पण तो नकाशे काढणारा. एक रेघ जुळली की पुढची मागणारा.

"मग गाडी घसरली कशी? हँडब्रेक होता. विटा होत्या."

"हँडब्रेक कुठल्या चाकांना धरतो?"

"मागच्या."

"आणि तू उचललीस कुठली?"

छोट्याची नजर प्लास्टरवर गेली.

"हवेतल्या चाकांना ब्रेक लावला होतास छोट्या. विटाही त्यांनाच. चाकांखाली फरशीच नाही तर वीट काय अडवणार? म्हणून कोऱ्या राहिल्या. दाराकडे उतार. पान्यावर तू अंगाचं वजन टाकलंस, आणि गाडी निघाली पुढे."

"बाबांनी हेच शिकवलंय. विटा मागे."

"कारण बाबा पुढून उचलायचे." आक्का थांबली. काल अंथरुणात पडल्या पडल्या ते चित्र तिला पुन्हा दिसलं होतं. "तुला आठवत नसेल, तुझा पत्ताच नव्हता त्या रविवारी, गोवरानं आजारी होतास. बाबांनी एकदाच मागून गाडी उचलली. मी नेहमीसारखी विटा घेऊन मागे धावले. त्यांनी मला दंडाला धरून पुढच्या चाकाशी नेलं आणि म्हणाले, बाळ, जे चाक जमिनीवर राहणार त्याला वीट. तू नियमाची जागा पाठ केलीस. नियम तुझ्यापर्यंत आलाच नाही."

छोट्या छताकडे पाहत होता. "आणि गिअर? मी गिअरमध्येच ठेवतो गाडी. पुढची चाकं इंजिनाने धरली असती."

जावई पुढे सरकला. "भाऊ, ते माझ्याकडून..."

"तुम्ही गप्प बसा," माई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने जावयाला असं म्हटलं असावं. ती खाटेच्या पायथ्याशी आली, दांडी धरून उभी राहिली. "न्यूट्रल मी केली होती. मी गाडी शिकतेय. हे मला शिकवतात. माझ्यामुळे तुमचा पाय गेला, आणि हे स्वतःवर घेऊन घर सोडून निघाले होते. मला जिन्यात ऐकायला मिळालं. बोला आता काय बोलायचं ते."

चिमी रडत होती, आवाज न करता. आक्काने पदराचं टोकही हलवलं नाही. विम्याच्या टेबलावर शिकलेली दुसरी गोष्ट ही, की सगळं सांगून झालं की आपण गप्प बसायचं.

छोट्याने बायकोच्या दांडी धरलेल्या हातांकडे पाहिलं.

"गाडीखाली हात घालायच्या आधी गिअर बघणं कोणाचं काम?" तो शेवटी म्हणाला. "ज्याचा हात त्याचं." मग आवाज खाली आणून, "घोडे लावले असते तर हे काहीच झालं नसतं. खिडकीखालून काढायचे म्हणजे कुंड्या हलवाव्या लागल्या असत्या. मला कंटाळा आला, आक्का. म्हटलं दोन मिनिटांचं तर काम."

"माहीत आहे. कोळ्याला पिलं झालीत तिथे."

त्याने जावयाकडे पाहिलं. माफी मागणं त्याला कधीच जमलं नव्हतं; लहानपणी तो त्याऐवजी आपली गोटी पुढे करायचा.

"किती खोकी बांधलीत?"

"बहुतेक सगळी."

"मग सोडायला वेळ लागेल," छोट्या म्हणाला. "आजच सुरुवात करा. आणि ते जे तळाला लिहिता तुम्ही, ते घरी आलो की दाखवा एकदा. पडल्या पडल्या बघीन म्हणतो."

जावयाचे कान हलले.

७

प्लास्टर काढायच्या दिवशी आक्का मुद्दाम आली. मधल्या काळात जावयाने मागचे ब्रेक करून घेतले होते. जमिनीवर असतानाच नट सैल करून, पुढच्या चाकांना विटा लावून, घोड्यांवर गाडी उतरवून, ती दोन्ही हातांनी हलवून. छोट्या खुर्चीत बसून दर दोन मिनिटांनी हुकूम सोडत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. कुंड्यांना आता मास्तरांच्या पैशाने आणलेलं लाकडी स्टूल मिळालं होतं. जॅकमधलं तेलही त्यांनीच बदलून दिलं. त्यांच्या बायकोला मात्र अजून त्या दोन पळ्या तेलाचा पत्ता लागलेला नाही.

गाडी बाहेर निघाली. जावई पुढे शेजारच्या सीटवर बसला होता आणि हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत होता. छोट्या मागे आडवा, पाय आक्काच्या मांडीवर. पहिल्या वळणाला त्याने तोंड उघडलं, आक्काने त्याच्या प्लास्टरवर टिचकी मारली, त्याने मिटलं. दुसऱ्या वळणाला त्याने तोंड उघडलंच नाही. पुलावर तो खिडकीतून पाणी बघत होता.

हॉस्पिटलच्या दाराशी थोडा चढ होता. माईने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि मग क्लच दाबून दांडा पहिल्या गिअरमध्ये सारला. दोनदा हलवून बघितला.

उतरायची वेळ झाली तरी छोट्या मागे बसूनच होता.

"काय झालं?" माईने आरशातून विचारलं. आरसा तिच्या मापाचा होता. गेले कित्येक दिवस त्याला कोणी हात लावला नव्हता.

"चढ आहे," छोट्या म्हणाला. "वीट लावावी लागेल."

"डिकीत आहेत दोन."

"कुठल्या चाकाला लावशील?"

माईने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "जमिनीवर आहे त्याला."